दोन खालचे पलंग

“आता ह्यांचे आईवडीलही इथेच झोपणार असतील, तर मी आपली गच्चीवर टाकीखाली जाऊन राहते,” पलीकडून कुणीतरी पुटपुटलं. “सकाळी बाथरूमला आधीच तिघी पुढे असतात.”

पलीकडून म्हणजे जवळजवळ कानातच. मधली भिंत पातळ फळीची होती. तिकडे कुणीतरी मारलेला खिळा इकडे टोक काढून बसला होता आणि थोरली गादीच्या कडेवर बसून त्या टोकाकडे बघत होती. ऐकलंच नाही असं दाखवावं, तर दाखवायचं कुणाला? शेजारी नवरा होता, लाकडाच्या जुडीवर बसलेला, दोन्ही हात कोटाच्या खिशात. त्यानेही ऐकलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

“झोपणार नाही हो आम्ही,” थोरली भिंतीला म्हणाली. “पलंग जोडला की संध्याकाळच्या गाडीने परत.”

पलीकडे मग भांडं पडल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने दारात एक उंच मुलगी येऊन उभी राहिली, हातात दातांचा प्लास्टरचा नमुना. ही दंतवैद्यक शिकणारी. घरात तिला दातवालीच म्हणत.

“सॉरी काकू. मी तुम्हाला नव्हते म्हणत.”

“मग कुणाला म्हणत होतीस?”

“तुम्हालाच. पण तुम्हाला ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं.”

थोरलीला पोरगी जागच्या जागी आवडली. तिने गादीवर सरकून जागा केली. सरकायला जागा नव्हतीच, तेव्हा ती नवऱ्याच्या गुडघ्यावर सरकली. मूळची ही बाल्कनी. कुणीतरी तिला काचा बसवल्या, फळी ठोकली, दार लावलं आणि ती खोली झाली. माणूस आडवा झाला की एका बाजूला डोकं टेकायचं आणि दुसऱ्या बाजूला पाय. तरी तिचं भाडं असं होतं, की पहिल्यांदा आकडा ऐकला तेव्हा थोरल्याने, तिच्या नवऱ्याने, विचारलं होतं, “वर्षाचं ना?” मुलगी गप्प राहिल्यावर त्याने फोन बायकोच्या हातात दिला होता आणि बाहेर जाऊन बराच वेळ रिकामी फळी तासत बसला होता.

आणि ह्या खोलीत आपली मुलगी एका मैत्रिणीबरोबर राहते, एवढंच त्यांना माहीत होतं. मैत्रीण कोण, ते आज सकाळी दार उघडल्यावर कळलं.

दार उघडलं होतं पाचरने.

नातवंडांची नावं म्हाताऱ्याने आपल्या हत्यारांच्या पेटीतून काढली होती. थोरल्याची मुलगी प्रश्न विचारून समोरच्याच्या डोक्याला भोक पाडायची, म्हणून ती गिरमिट. धाकट्याची मुलगी किरकोळ, कुठल्याही फटीत शिरून बसणारी, म्हणून पाचर. म्हातारा गेला, त्याच आठवड्यात त्याचे दोन्ही मुलगे सगळ्या पाहुण्यांसमोर भांडले. धाकटा तेव्हा नुकताच भुशाच्या फळ्यांचं तयार फर्निचर करणाऱ्या कारखान्यात लागला होता. थोरला त्याला म्हणाला, बापाने तुला लाकूड शिकवलं आणि तू भुसा चिकटवायला गेलास. धाकटा म्हणाला, तू बस मग बापाचा रंधा चाटत. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. मोठ्यांचं नव्हतं, एवढंच. दोन चुलत बहिणी मोठ्या शहरात कॉलेजला आल्या, एकेकटीला काहीच परवडेना, तेव्हा त्यांनी मिळून हा कोपरा घेतला आणि घरी दोघींनीही ‘मैत्रीण’ सांगितलं.

सकाळी दारात थोरल्याने पुतणीकडे बराच वेळ पाहिलं. 

“उंच झालीस,” तो म्हणाला, आणि लाकूड घेऊन आत आला.

थोरलीला तर कधीपासून संशय होता. फोनवर मागून कुणीतरी हसायचं, आणि ते हसणं तिच्या सासऱ्याचं होतं. आधी नाकातून, मग उशिराने तोंडातून. असं हसणारी मैत्रीण बाहेर कुठे मिळते? पण तिने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

“चहा करू का?” दातवालीने विचारलं. अपराधी माणसाला काहीतरी करायचं असतं.

“कर. ह्यांना अर्धाच कप दे.” थोरली हे इतक्या सहज म्हणाली, की कुणाला वावगं वाटू नये. भरलेला कप नवऱ्याच्या हातात आता राहत नसे. उजवा हात थरथरायचा. आधी दमल्यावर, मग थंडीत, मग कधीही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याने हात जरा कमी हलायचा आणि माणूस जरा कमी बोलायचा. ह्या विषयावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं. एक दिवस दुकानात फळी कापताना तो थांबला आणि करवत तिच्याकडे सरकवून म्हणाला, “तू कर, मी रेघ बघतो.” बस, एवढंच. तेव्हापासून ती कापत होती, रंधत होती, पटाशी मारत होती, आणि गिऱ्हाईक आलं की करवत खाली ठेवून केर काढत होती.

“पाचर म्हणून नाव आहे होय हिचं?” दातवाली चहा घेऊन आली, तेव्हा तिची भीड चेपली होती. “आम्हाला ती ते नाव सांगतच नाही. पण बरोबर आहे. गिरमिटला न्यूमोनिया झाला ना, तेव्हा ही अशीच घुसून बसली होती तिच्या आणि दाराच्या मधे. कुणाला आत येऊ देईना.”

थोरलीचा कप ओठाशीच थांबला. “काय झाला?”

दातवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आज तिचा दिवस नव्हता.

“तुम्हाला… थंडीत. आता ठणठणीत आहे हो ती. सर्दी सांगितली असेल घरी. ही स्वयंपाकघरात फरशीवर झोपायची, म्हणजे गादी तिला मोकळी मिळेल. सूप भरवायची, गोळ्या वेळेवर द्यायची, औषधशास्त्र शिकते ना, आम्हाला गोळीगणिक भाषण. स्वतःची प्रॅक्टिकलची परीक्षा बुडवली. पुन्हा द्यावी लागली.”

थोरलीने कप खाली ठेवला, उठली, आणि त्या अरुंद बोळातून स्वयंपाकघरात गेली. पाचर ओट्यापाशी पाठमोरी कांदा चिरत होती. थोरलीने मागूनच तिला धरलं, सुरीसकट.

“काकू, बोट कापेल.”

“कापू दे,” थोरली म्हणाली. “मी शिवते.”

*

धाकटा जिना चढत होता, तेव्हा पाठीवर पुठ्ठ्यात बांधलेल्या फळ्या होत्या आणि दर मजल्यावर तो मनातल्या मनात एक वाक्य घासून बघत होता. मुलीने त्याला दुपारी बोलावलं होतं, तीनतीनदा बजावून. “दुपारी हं बाबा, आधी नको.” तो आधीच आला. कारखान्याची गाडी ह्या बाजूला येत होती, तिच्यात बसून आला. मुलीला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. जिच्यासाठी तो वाक्य घासत होता, ती होती घरमालकीण. ती खालच्या मजल्यावर राहायची, तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि पाचर म्हणाली होती की ती आज संध्याकाळी कोपरा बघायला येणार आहे. तिचं म्हणणं असं, की एका गादीवर दोघी डोकं-पाय करून झोपतात हे तिला चालत नाही. दोन पलंग पाहिजेत, एकावर एक का होईना, दार पूर्ण उघडलं पाहिजे, खिडकीची झडप मोकळी पाहिजे. नाहीतर कोपरा एकीलाच, आणि घ्यायला दुसरी मुलगी तयार आहे. “म्हणजे आम्ही दोघीही बाहेर,” पाचर फोनवर म्हणाली होती. “एकीला हे भाडं झेपणार नाही आणि इतक्यात दुसरं मिळणार नाही. बाबा, परीक्षा डोक्यावर आहे.” तेव्हा धाकट्याने कारखान्यात सुट्टीच्या दिवशी उभं राहून स्वतःच्या हाताने पलंग कापला.

दार उघडं होतं. त्याने आत पाऊल टाकलं आणि समोर त्याला भावाची पाठ दिसली.

ती पाठ त्याने आयुष्यात सगळ्यात जास्त पाहिली असेल. लहानपणी दुकानात तो त्या पाठीमागेच उभा असायचा. थोरला त्याला पुढे घ्यायचा, त्याचे हात आपल्या हातांत धरून रंधा चालवायचा आणि म्हणायचा, “ढकलू नकोस, नुसता जा.” लाकडाचा वास आणि त्या पाठीचा घाम. धाकट्याची मालकिणीला द्यायची सगळी वाक्यं जिन्यावरून खाली घरंगळत गेली.

“भाऊजी,” थोरली स्वयंपाकघरातून म्हणाली, “पुठ्ठा जरा बाजूला. दार लागू दे.”

बस. जणू तो रोज येत होता.

थोरला वळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच लाकडाकडे पाहिलं. सुताराला ही सोय असते. मग हळूहळू, न बोलता, दोघांनाही एकच गोष्ट दिसली.

थोरल्याच्या पलंगाला चार उंच खांब होते. पुठ्ठा फाडल्यावर धाकट्याच्या पलंगालाही चार उंच खांब निघाले.

गिरमिट तेव्हाच जिन्यावरून धावत आली, मालकिणीला कशातरी गुंतवून. तिने चौकटी बघितल्या, वडील बघितले, काका बघितला.

“हे काय?” ती म्हणाली. “बाबा, तुम्हाला मी खालचा सांगितला होता. काकांना पाचरने वरचा सांगितला होता. वरच्याला खांब कशाला?”

“सांगितला होता वरचा,” धाकटा मुलीकडे बघत म्हणाला. “पण खाली कोण सुतार काय ठोकणार, कुणास ठाऊक. दुसऱ्याच्या खांबांवर माझी मुलगी झोपवू? मी म्हटलं, आपले खांब आपल्याजवळ असलेले बरे.”

थोरल्याच्या मिशीत काहीतरी हललं. त्याच जागी त्यानेही हेच केलं असतं. आणि त्याने केलंच होतं. मुलीने सांगितलेल्या उंचीपेक्षा खांब वीतभर जास्त ठेवले होते, वर येणारा माणूस काय माल आणेल म्हणून. “असू दे थोडे उंच,” तो बायकोला म्हणाला होता. “बाजारी सुताराचं काम खाली वाकतं.”

“दोन सुतार,” दातवाली फळीपलीकडून म्हणाली, “आणि दोन्ही पलंग खालचे.”

कुणी हसलं नाही, मग पाचर नाकातून हसली. मग उशिराने तोंडातून. दोन्ही भाऊ एकदम तिच्याकडे बघू लागले. असं हसणारा माणूस त्यांनी एकत्रच स्मशानात पोहोचवला होता.

*

“आता वेळ आहे का भांडायला?” गिरमिट कुजबुजली.

दोघी बहिणी बाथरूममध्ये उभ्या होत्या, कारण ह्या घरात गुप्त बोलायला तेवढीच जागा होती. पाचर बादलीवर बसली होती.

“मी भांडत नाहीये. मी म्हणतेय, तुझ्या बाबांचा पलंग खाली ठेवू. ते जड लाकूड आहे, घट्ट आहे. आणि माझे बाबा आपले खांब काढतील. त्यांचे नुसते स्क्रूने बसवलेले आहेत.”

“आणि मी म्हणतेय, काकांचा खाली ठेवू. माझे बाबा—” गिरमिट थांबली.

“बोल.”

“काही नाही.”

पाचरने तिच्याकडे पाहिलं. न्यूमोनियाच्या तापात गिरमिट कितीतरी बरळली होती, त्यात हेही होतं: बाबांच्या हातून पेला पडला, आईने काचा गोळा केल्या, आम्ही तिघंही म्हणालो की मांजर. घरात मांजर नव्हतं. पाचर तेव्हापासून ते धरून होती, पण विचारलं नव्हतं. तापात कानावर पडलेलं शुद्धीत विचारायचं नसतं, असं तिचं मत होतं.

“तुझ्या बाबांचा खाली राहिला,” पाचर म्हणाली, “तर त्यांचे खांब वीतभर कापावे लागतील. नाहीतर वरचा पलंग झडपेच्या आड येतो. आणि ते म्हणतील, माझं लाकूड मी कापतो.”

“तेच म्हणतेय मी.”

“आणि माझ्या बाबांचा खाली ठेवला तर ते भुशाचे खांब तुझ्या बाबांच्या लाकडाखाली वाकतील. मग वर झोपणारी मी खाली झोपणारीवर येईन.”

“तू हलकी आहेस.”

“पलंग नाही ना हलका.”

बाहेरून दार वाजलं. दातवाली होती. “मला जायचंय हो. राजकारण स्वयंपाकघरात करा.”

दोघी बाहेर आल्या. बोळात गिरमिटने बहिणीचा हात धरला आणि जरा वेळ सोडला नाही. तिला काही म्हणायचं होतं, सूप आणि फरशी आणि बुडालेली परीक्षा ह्याबद्दल, पण इतक्या महिन्यांनी ते म्हणणं फारच मोठं झालं होतं.

“आज रात्री तू खाली झोप,” ती म्हणाली. “मी वर. तुला उंचीची भीती वाटते.”

“तुला कसं माहीत?”

“जिन्यात तू भिंत धरतेस,” गिरमिट म्हणाली. “मी पण आहे घरात.”

*

स्वयंपाकघरात धाकटा पाणी प्यायला आला आणि प्यायला नाही. पेला घेऊन उभा राहिला.

“वहिनी.”

“हं.”

“रंधा डाव्या हाताने मारलाय.”

थोरली ओटा पुसत होती. डाव्या हाताने. पुसणं थांबलं नाही. “तुम्ही बघितलंत तर बघितलंत.”

“खुणेच्या रेघा उलट्या कललेल्या आहेत. दादाच्या रेघा मी झोपेत ओळखेन.” त्याने पेला ओट्यावर ठेवला. “सांधा मात्र त्याचाच आहे. तसाच हवा न जाणारा. म्हणजे तो शेजारी बसलेला होता.”

“रोज बसतात. लाकूड मी कापते, रागावतात ते.” ती हसली. “तुम्हाला सांगू का भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. ह्या बाजूने धर, तिथे जोर कमी, श्वास सोडताना ओढ. आधी आपलं जेवायला काय आहे एवढंच बोलणं. मला वाईट म्हणवत नाही हो. आता हे असं बोलायचंच नसतं, पण मी सुखात आहे.”

 “कधीपासून?” धाकट्याने विचारलं.

“ते नका विचारू. आणि त्यांनाही विचारू नका. तुमच्यासमोर तर नाहीच.”

“माझ्याचसमोर का नाही?”

“कारण तुम्हाला त्यांनी शिकवलंय.”

हे खरं होतं, आणि ते ऐकून धाकट्याला इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवावा ते कळेना. दारात तसाच उभा राहिला. “आमची आणि तुमची,” तो म्हणाला, “एका गादीवर झोपायच्या म्हणे.”

“डोकं-पाय करून.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मलाही. त्या दोघींनी आपल्याला काळजीपासून वाचवलं.” थोरलीने फडकं पिळलं. “माझी आजारी होती भाऊजी, तुमच्या पोरीने तिला उभी केली. हे मी तुमच्या बायकोला जन्मभर सांगत राहणार आहे. आजपासून फोन करणार आहे. कोण काय म्हणतं बघतेच मी.”

“ती वाटच बघतेय,” धाकटा म्हणाला. “दर सणा-समारंभाला तुमच्यासाठी नवीन साडी… ते जाऊ दे. वाट बघतेय.”

बाहेर लाकूड सरकल्याचा आवाज झाला. मग थोरल्याचा आवाज, खोलीतल्या सगळ्यांना आणि कुणालाच नाही असा. “ते दुसरे खांब काढायला सांग गं. सुटतात ना ते?”

गिरमिट दारात आली. “काका, बाबा म्हणतायत, तुमचे खांब सुटतात ना?”

“सुटतात म्हणावं. म्हणूनच तर आम्ही भुसा चिकटवतो.”

“बाबा, सुटतात.”

“भुसा चिकटवणारे डोक्याने काम करतात, असं सांग त्याला,” थोरला म्हणाला, आणि गिरमिटला ते पोचवायची गरजच पडली नाही. पलीकडे धाकट्याने पेला उचलून सगळं पाणी एका दमात संपवलं. दातवालीने फळीपलीकडून हळूच टाळी वाजवली आणि लगेच खोकून दाखवलं.

*

धाकट्याचे खांब सहज निघाले. त्याची चौकट भिंतीशी उभी राहिली. आता खाली थोरल्याचा पलंग जोडलेला होता, वजनदार, सरळ, न हलणारा, आणि त्याच्या चार खांबांवर पेन्सिलीची रेघ होती. रेघ थोरल्याने दाखवली आणि थोरलीने मारली, काटकोनाचा गुण्या लावून.  नवऱ्याचं काम बायकोने हातभार लावून करावं, ह्यात बघण्यासारखं काय?

आता कापायचं होतं. ज्यादा लाकूड नव्हतं. चारही खांब एका उंचीला आणि अगदी सपाट कापले पाहिजेत, नाहीतर वरची चौकट डुगडुगणार. डुगडुगलेला पलंग मालकीण बोटाने ढकलून बघणार हे नक्की. ती माणसाचं डोकंसुद्धा असंच बोटाने वळवून बघायची. खालून जिन्यात तिच्या सपातांचा आवाज येऊ लागला होता. एका मजल्यावर थांबून ती कुणाशी तरी बोलत होती.

“दे इकडे,” धाकटा मुलीला म्हणाला. “मी कापतो म्हणावं.”

“लाकूड माझं आहे,” थोरला म्हणाला. मुलीमार्फत बोलायचं विसरून.

त्याने खिशातून हात काढले. आधी डावा. मग उजवा. करवत खाली पडलेली होती, म्हाताऱ्याची करवत, मूठ तेलाने काळी झालेली. तो वाकला, करवत उचलली आणि पहिल्या खांबाजवळ गेला. डावा अंगठा रेघेवर ठेवला. तो बरोबर होता. पातं लाकडाला टेकवलं.

त्याला खोली दिसत होती. बायको एक पाऊल पुढे आली होती आणि तिचा डावा हात आपसूक अर्धा उचलला गेला होता. मुलगी खाली बघत होती. पुतणी त्याच्या खांद्याकडे बघत होती, हाताकडे मुद्दाम नाही. उंच झालीये खरी, त्याला वाटलं, आणि किती शहाणी. भाऊ झडपेकडे तोंड करून उभा होता, बाहेर बघण्यासारखं काही असल्यासारखा. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. ती दात शिकणारी मुलगी सुद्धा, काहीतरी बोलायला तोंड उघडून गप्प झाली होती.

करवतीचं पातं लाकडावर टकटक वाजू लागलं. बारीक, पण त्या एवढ्याशा खोलीत सगळ्यांना ऐकू येईल असं. त्याने दाबून धरलं. टकटक थांबेना. रेघेशेजारी एक ओरखडा उठला, मग दुसरा.

कुणीही काहीच म्हणालं नाही. ह्या सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी हे न बोलणं किती जपून धरलं होतं. घरात कुणी कप पूर्ण भरत नव्हतं. बायको गिऱ्हाइकासमोर केर काढत होती. मुलीने न्यूमोनियाला सर्दी म्हटलं होतं, बाबांना आणखी एक काळजी नको म्हणून. आणि भाऊ, ज्याला तो लोकांसमोर नको ते बोलला होता, तो आत्ता एका भिंतीकडे बघत उभा होता, पाठ करून, त्याला बघावं लागू नये म्हणून. कुणी एवढं आपलं करतं, तेव्हा आपण नुसतं खिशात हात घालून बसायचं?

सपाता आता ह्याच मजल्यावर आल्या होत्या.

थोरल्याने पातं लाकडावरून उचललं. टकटक थांबली. धाकटा वळला नाही.

“बारक्या,” थोरला म्हणाला. इतक्या वर्षांनी ह्या नावाने कुणी हाक मारली, तेव्हा धाकट्याची पाठ हलली.

“दादा.”

“माझा हात थरथरतो रे. काम होत नाही आता. हा पलंग सगळा तुझ्या वहिनीने केलाय,” त्याने करवत मुठीकडून पुढे केली, “तू काप, ती धरेल.”